पंचशील, बांगडे आणि होली आयल

ग्लासगोहून होली आयल या स्कॉटिश बेटावर जायचा सोपा रस्ता आहे. रेल्वेने किनाऱ्यापर्यंत, मोठ्या फेरीने ॲरन बेटावरच्या ब्रॉडिकला, तिथून बसने लॅमलॅश, आणि लॅमलॅशच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने दहाएक मिनिटांत पलीकडे. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस बेटावर असतो. आम्ही शिडाच्या बोटीने गेलो. त्यात अख्खा दिवस गेला, तळहाताला फोड आले आणि आमच्यातल्या दोघांनी सकाळचा नाश्ता समुद्राला परत केला. तरी मला कुणी विचारलं तर मी हाच रस्ता सांगेन. फक्त निघायच्या आदल्या रात्री पोटभर खाऊ नका.

मी नागपूरची. समुद्राशी आमच्या घराण्याचा संबंध नाही. ग्लासगोला नोकरीनिमित्त आले, ऑफिसातल्या काहींचा नौकाविहाराचा क्लब होता, त्यांच्यामागे लागून दोर ओढायला शिकले. होली आयलचं नाव मात्र मी आधीपासून ऐकून होते. तिबेटी बौद्धांच्या मालकीचं बेट आहे हे कळल्यापासून डोक्यात होतं. क्लबाची बोट ॲरनला वळसा घालून पुढे जाणार होती. मला लॅमलॅशला सोडायचं, मी बेटावर राहायचं आणि नंतर आपली फेरीने परत यायचं, असं ठरलं. बेटावरची राहण्याची जागा आधी आरक्षित करावी लागते, ती केली. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "तुले पोहता येते का नीट?" दुसरा प्रश्न, "जेवायला काय देतात तिथं?" बौद्ध विहार आहे म्हटल्यावर तिला काळजी कमी वाटायला हवी होती. तसं काही झालं नाही.

आमची कप्तान सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या तिने तासभर नियम सांगितले. गॅसचा नळ वापर झाला की बंद. संडासाचा पंप किती वेळा मारायचा. डेकवर जाताना पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय हलायचं नाही. कुणी पाण्यात पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हटवायची नाही; बाकीचं इतर बघतील. हा शेवटचा नियम मला फार आवडला. लाटांमध्ये माणसाचं डोकं किती चटकन दिसेनासं होतं हे तिने एक फेंडर, म्हणजे धक्के लागू नयेत म्हणून बोटीच्या कडेला लटकवतात तो फुगा, पाण्यात टाकून दाखवलं, आणि सगळे गप्प झाले.

आम्ही लार्ग्सहून निघालो. तिथल्या यॉट हेवनच्या शेजारीच दगडी मनोरा आहे, स्थानिक लोक त्याला 'पेन्सिल' म्हणतात. 1263 मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन आणि स्कॉट लोक यांच्यात लार्ग्सला जी लढाई झाली, तिच्या आठवणीत 1912 साली बांधलेला. हाकोनचं आरमार लढाईआधी लॅमलॅशच्या उपसागरात, होली आयलच्या आडोशाला थांबलं होतं. म्हणजे तो तिकडून इकडे आला आणि आम्ही इकडून तिकडे निघालो होतो.

हवामानाचा अंदाज होता नैऋत्य वारा, जोर बोफर्ट मापावर 4 ते 5. आम्हाला जायचं होतं ते नैऋत्येलाच. सरळ रेषेत पाहिलं तर सतरा-अठरा सागरी मैल, पण वारा तोंडावर असला की शिडाची बोट सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या एका बाजूला तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं, असं नागमोडी चढावं लागतं. प्रत्येक वळणाला कप्तान "रेडी अबाउट!" ओरडायची. मग सुकाणू फिरतं, पुढचं शीड फडफडत पलीकडे जातं, एकाने एका बाजूचा दोर सोडायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचा विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या रहाटावर, गुंडाळून जीव खाऊन ओढायचा. बोट आधी डावीकडे कललेली असते, ती आता उजवीकडे कलते. आत स्वयंपाकघरात जे नीट ठेवलेलं नव्हतं ते सगळं खाली येतं. दोन तासांनी आपण किती पुढे आलो म्हणून पाहिलं तर मघाचंच चर्चचं टोक अजून दिसत होतं.

वाटेत डाव्या हाताला लिटल कंब्रे लागतं. एकट्यादुकट्या घरांचं, खडकाळ बेट. 1757 साली तिथल्या टेकडीवर कोळसा पेटवून क्लाइडमधला, म्हणजे ग्लासगोपासून ॲरनपर्यंतच्या या खाडीतला, पहिला दीपस्तंभ चालवला गेला, त्याचे अवशेष अजून आहेत. हेच बेट 2009 मध्ये ग्लासगोच्या एका भारतीय वंशाच्या दांपत्याने बाबा रामदेव यांच्या योगकेंद्रासाठी विकत घेतलं होतं, आणि बाबा स्वतः येऊन गेले होते. मी हे सांगितल्यावर बोटीवर एकच हशा. एकाने विचारलं, तुम्हा लोकांना आमची बेटं इतकी का आवडतात? मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे काय काय घेतलं होतं त्याची यादी काढू का? विषय तिथेच संपला.

रेडिओवर तटरक्षक दलाचं प्रसारण चालू असतं. त्यात वाऱ्याच्या अंदाजाबरोबर आणखी एक गोष्ट येते: कोणत्या भागात पाणबुड्यांच्या हालचाली आहेत ती. क्लाइडच्या वरच्या अंगाला फास्लेनचा तळ आहे. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या तिथे असतात आणि याच पाण्यातून बाहेर पडतात. 1990 च्या नोव्हेंबरमध्ये ॲरनच्या जवळच अंटारेस नावाच्या मच्छीमार बोटीची जाळी एका पाणबुडीत अडकली, बोट खाली ओढली गेली आणि चारही खलाशी गेले. पाणबुड्यांच्या हालचाली अशा कळवायची पद्धत त्यानंतर आली. कप्तानने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि वहीत नोंद केली. मी ज्या जागी चालले होते तिचं पूर्ण नाव 'विश्वशांती आणि आरोग्य केंद्र' असं आहे. तेव्हा काही बोलले नाही, पण ती गोष्ट मनातून गेली नाही.

दुपारनंतर वारा वाढला. मुख्य शीड आखडून छोटं केलं, त्यासाठी डोलकाठीपाशी जाऊन उभं राहावं लागलं. तिथे बोटीचं हलणं दुप्पट. पोट ढवळायला लागलं तेव्हा कप्तानने मला सुकाणूवर बसवलं. बोट लागत असेल तर त्याला हा खरा उपाय आहे: सुकाणू हातात घ्यायचं आणि क्षितिजाकडे बघत राहायचं. पुढची लाट केव्हा येणार हे शरीराला आधी कळतं, मग ते भांडत नाही. माझ्याकडे भारतातून आणलेला आलेपाक होता, तो सगळ्यांना वाटला. ज्या दोघांना उलट्या होत होत्या त्यांनी तो मागून मागून खाल्ला आणि त्या पिवळ्या वड्यांना ते "इंडियन पिल्स" म्हणू लागले.

ॲरनच्या सावलीत आल्यावर पाणी उतरलं. मागे गोटफेलचं शिखर ढगात, पुढे होली आयल. ते समोरून बघताना बेट वाटतच नाही. समुद्रातून एकदम वर आलेला डोंगर, जेमतेम तीन किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, आणि माथा 314 मीटरवर. उत्तरेच्या तोंडातून आत शिरलो तर वारा एकाएकी बंद झाल्यासारखा. हाकोनने ही जागा का निवडली ते सांगायला नको. लॅमलॅशसमोर पाहुण्या बोटी बांधायला पिवळे तरंगते बोये आहेत, त्यातल्या एकाला बोट बांधली.

येताना, अजून बऱ्याच बाहेर असतानाच, एकाने गळ टाकून बांगडे पकडले होते. उपसागराच्या तोंडाशी येण्याआधी कप्तानने गळ गुंडाळायला लावला. लॅमलॅशच्या उपसागराचा उत्तरेकडचा भाग 2008 पासून पूर्ण बंद आहे: मासा, शेवंड, शिंपला, काहीही काढायचं नाही. स्कॉटलंडमधला असा हा पहिला पट्टा, अडीच चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त. क्लाइडमध्ये किनाऱ्याजवळ ट्रॉलर चालवायला एकोणिसाव्या शतकापासून बंदी होती, ती 1984 मध्ये उठवली आणि काही वर्षांत तळ खरवडून निघाला. इथल्या दोन पाणबुड्या मित्रांनी, म्हणजे डायव्हिंग करणाऱ्या माणसांनी, ते पाण्याखाली पाहिलं आणि 1995 मध्ये ॲरनच्या लोकांची संघटना उभी केली. सरकारला पटवायला तेरा वर्षं लागली. आता त्या पट्ट्यात शेवंडी आणि स्कॅलप शिंपले वाढल्याचं शास्त्रज्ञांच्या पाहण्यांत दिसलं आहे.

बाहेर पकडलेले बांगडे रात्री तव्यावर परतले. माझ्याजवळचं लाल तिखट, हळद, मीठ, लिंबू. आमच्याकडच्या बांगड्याहून हे लांबट, पाठीवर वाघासारखे पट्टे, चव मात्र ओळखीची. त्यावर इतरांची व्हिस्की. माझ्या सामानात कुणीतरी भेट म्हणून एक छोटी बाटली टाकली होती, ती मी बोटीवरच ठेवून दिली, कारण सकाळी जिथे जायचं होतं तिथे ती चालणार नव्हती.

सकाळी धक्क्यावरून छोटी फेरी. बेटाच्या जेटीवर उतरलं की समोर एका रांगेत पांढरे स्तूप, वाऱ्यावर पताका, आणि पांढऱ्याशुभ्र शेळ्या. केंद्रातला स्वयंसेवक खाली आलेला असतो. तो सगळ्यांना बेटाचे नियम सांगतो: कुत्री नाहीत, जाळ नाही, तंबू नाहीत, पूर्वेची बाजू वन्यजीवांसाठी राखलेली आहे, तिकडे जायचं नाही. आणि मग बेटावर असेपर्यंत पाळायच्या पाच गोष्टी. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, कामाचाराने कुणाला दुखावणार नाही, मद्य आणि नशा करणार नाही.

बाकीचे प्रवासी, जे दिवसभर फिरायला आलेले होते, मान डोलवत होते. माझ्या डोक्यात मात्र पंचशील आपोआप सुरू झालं, पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. रविवारची सकाळ, वस्तीतला विहार, सतरंजी, पुढे बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि आम्ही पोरं एका सुरात, अर्थ न कळता. आदल्या रात्रीचे बांगडे आठवले आणि हसू आलं. स्वयंसेवकाला मी सांगितलं की हे मला पाठ आहे. तो जर्मन होता. म्हणाला, म्हणून बघ. मी जेटीवर उभी राहून पाचही म्हटली.

बेट तिबेटी बौद्धांकडे कसं आलं ती हकीकत इथे सगळेच सांगतात. तिबेटमधून 1959 मध्ये बाहेर पडलेले अकोंग रिनपोचे आणि चोग्याम त्रुंगपा यांनी 1967 मध्ये दक्षिण स्कॉटलंडात एस्कडेलम्यूरला साम्ये लिंग हे केंद्र सुरू केलं. अकोंग यांचे धाकटे भाऊ लामा येशे लोसल यांच्याकडे बेटाच्या तेव्हाच्या मालकीणबाई गेल्या. त्या कॅथलिक. कुमारी मेरीने स्वप्नात येऊन बेट यांना द्यायला सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. 1992 मध्ये साडेतीन लाख पौंडांना व्यवहार झाला. उत्तर टोकाचं जुनं शेतघर वाढवून केंद्र उभं राहिलं. दक्षिण टोकाला दीपस्तंभ सांभाळणाऱ्यांची जुनी घरं आहेत, ती स्त्रियांच्या दीर्घ एकांतवासासाठी राखली आहेत. तीन वर्षांहून जास्त चालणारे असे एकांतवास या परंपरेत असतात.

राहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोली लहान, स्वच्छ. जेवण शाकाहारी, बरंचसं बागेतलं. आईला नंतर सविस्तर सांगितलं, मसूरडाळीचं सूप, घरचा पाव, बटाटे, कोबी. तिचं मत: "म्हणजे नुसतं मिठाचं." जेवणानंतर आपली भांडी आपण, आणि रोज काहीतरी काम. माझ्याकडे कांदे सोलणं आणि एकदा वाफ्यातलं तण. सकाळी तारा या बौद्ध देवतेची प्रार्थना तिबेटीत, ढोल आणि घंटेसह.

इथे मी थोडी अडले. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. देवदेवता मानायच्या नाहीत, ही आम्हाला धम्माची सुरुवात म्हणून शिकवलेली गोष्ट, आणि इथे हिरवी तारा, पांढरी तारा, लोटांगणं, लोण्याच्या आकृत्या. मी मागे भिंतीला टेकून बसले. ऐकलं, लोटांगण घातलं नाही, कुणी घाल म्हटलंही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत माझं मत बदललं नाही. भगव्या-लाल कपड्यातल्या एका भिक्खुणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं की आंबेडकरांच्या विहारात ध्यान करतात का. मी म्हटलं, कमी. आमच्याकडे आधी शिक्षण, संघटन, संघर्ष. तिला हे नीट समजून घ्यायचं होतं. नागपूर, 14 ऑक्टोबर 1956, लाखो माणसं, हे तिने ऐकलं होतं, पण पंचशील त्या माणसांना काय म्हणून मिळालं हे विचारणारी ती मला भेटलेली पहिलीच परदेशी बौद्ध. आमचं बोलणं भांडी घासता घासता झालं, आणि सगळ्या मुक्कामातलं मला ते सर्वांत जास्त लक्षात आहे.

पश्चिम किनाऱ्याच्या पायवाटेवर मोठ्या शिळांवर रंगीत चित्रं काढली आहेत. मार्पा आणि मिलारेपा हे जुने तिबेटी गुरू, आणि तारा. समुद्राकडे पाठ करून हिरव्या तारेसमोर उभी राहिले तेव्हा एकदम औरंगाबादच्या लेण्यांतलं सातव्या क्रमांकाचं लेणं आठवलं. तिथे दाराशेजारी अवलोकितेश्वर आहे, आणि दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसं: हत्ती, साप, चोर, आग, आणि एका चौकटीत बुडणारं जहाज. कान्हेरीतही तसंच एक आहे. शाळेच्या सहलीत गाइडने ते दाखवलं तेव्हा दगडात होडी कशाला, असं वाटलं होतं. कल्याण-सोपाऱ्याहून निघणाऱ्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीसारखी लेणी पोसली. आदल्याच दिवशी विंचवर हात सोलून घेतल्यावर मला ती चौकट कळली. ताराही याच आठ भयांतून सोडवणारी. माझं मत बदललं नाही म्हटलं ते खरं, पण ज्याने ती होडी कोरून घेतली त्याच्याशी वाद घालायची माझी इच्छा मात्र संपली.

त्याच वाटेवर संत मोलॅशची गुहा. सहाव्या-सातव्या शतकातला आयर्लंडशी नातं असलेला साधू इथे एकटा राहिला; म्हणून हे 'होली' बेट. गुहा कसली, वाळूच्या दगडाचा झुकलेला कडा आहे, पावसापासून जेमतेम आडोसा. आत दगडावर रुनी या जुन्या लिपीत नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडच्या, लोकांची नावं खरवडलेली. त्यातला एक विग्लेइक, हाकोनचा सरदार, 1263 च्या त्या आरमारातला. लढाईच्या आधी वेळ जात नसेल. कान्हेरीतही इराणातून आलेल्या पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत, 1009 आणि 1021 सालची. नाव कोरायचा हात कुठल्या धर्माला चुकलाय असं दिसत नाही. आपल्या किल्ल्यांवर बदाम काढणाऱ्यांना आणखी आठशे वर्षं मिळाली तर तेही पुरातत्त्वात जमा होतील.

एका कोरड्या दिवशी माथ्यावर गेले. उतारावर खोल भेगा आहेत, दोर लावून त्या वेगळ्या केल्यात, तिथे पाय जपून. वरून दक्षिणेला एल्सा क्रेग बेट दिसतं, ज्याच्या ग्रॅनाइटचे कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे दगड बनतात. पश्चिमेला सगळं लॅमलॅश. 1829 मध्ये ॲरनवरच्याच सॅनॉक्सच्या दरीतून हुसकावलेली कुटुंबं याच उपसागरातून कॅलेडोनिया जहाजाने कॅनडाला गेली. खाली बघताना कळतं की इथली शांतता निसर्गाने आयती दिलेली नाही. आरमार, देशोधडीला लागलेली माणसं, ट्रॉलर, पाणबुड्या, सगळं याच पाण्यातून गेलेलं आहे. आता शांतता आहे कारण कुणीतरी बसून ठरवलं की इथे मासा काढायचा नाही, पूर्वेला पाय टाकायचा नाही, दक्षिणेच्या दाराशी जाऊन आत कोण आहे म्हणून डोकवायचं नाही, आणि त्या ठरावामागे कुणी बैठका घेतल्या, पैसे जमवले, हजारो झाडं लावली. ध्यानाच्या हॉलपेक्षा मला हे जास्त पटलं. कदाचित आमच्या घरच्या वळणाचा परिणाम.

परतीच्या दिवशी वारा इतका होता की फेरी आलीच नाही. केंद्राने न कुरकुरता आणखी एक रात्र ठेवून घेतलं, मला आणखी कांदे सोलायला दिले. तेव्हा परतीचं रेल्वे तिकीट ठरावीक गाडीचं काढू नका आणि पुढचा दिवस मोकळा ठेवा. फेरी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालते, तीही वारा आणि भरती पाहून. रोख पैसे जवळ असू द्या. गोचीड असतात, म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण विजार घाला. मुक्कामाला जाणार असाल तर आधी लिहून जागा पक्की करा. नुसतं फिरायला जायचं असेल तर सकाळच्या बोटीने जाऊन डोंगर आणि किनारा मिळून तीनेक तासांत बेट बघून होतं. आईला पुढच्या जूनमध्ये नेणार आहे, तेव्हा रेल्वे आणि फेरीने. लोणच्याची बरणी ती स्वतः घेऊन येणार आहे. लोणचं शाकाहारी आहे, त्यामुळे जेटीवर अडवायचं काही कारण दिसत नाही.